घरात आहे की!

क्रिकेटचं हेल्मेट घालून पहाटे सिंहगड रस्त्याने सायकलवर निघालेल्या म्हाताऱ्याला लोक हसतील, अशी माझी तयारी होती. बोलिंग टाकतील, अशी नव्हती. वडगावच्या पुढे दुधाच्या पिशव्या उतरवणाऱ्या एका पोराने मला लांबूनच पाहिलं, हातातला क्रेट खाली ठेवला, चार पावलं पळत येऊन हात गरकन फिरवला आणि ओरडला, "हाऊज दॅट!" टेम्पोच्या ड्रायव्हरने खिडकीतून बोट वर केलं. मी मान खाली घालून निघून गेलो. पंचांच्या निर्णयावर वाद घालू नये, एवढं क्रिकेट मलाही कळतं.

दोष त्या पोराचा नाही आणि हेल्मेटचाही नाही, दोष संस्कारांचा आहे. आमच्या आईचं जगाकडे बघण्याचं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावत असे: "घरात आहे की!" धोतर विरलं की त्याचा पंचा, पंचा विरला की पोतेरं, पोतेरं विरलं की चुलीच्या काकड्याची चिंधी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात हरभऱ्याची डाळ, आणि डाळीच्या रिकाम्या डब्यात शिवणाचे दोरे. बाजारात जाऊन एखादी वस्तू आणणं म्हणजे घरातल्या वस्तूंचा अपमान, असं काहीसं ते होतं. वडील तीस वर्षं सायकलने कचेरीत गेले. सायकलीसाठी म्हणून त्यांनी वेगळं असं घेतलं काय, तर पॅंटचे पाय आवळायच्या दोन लोखंडी क्लिपा. पुण्यातले निम्मे कारकून आणि मास्तर तेव्हा त्या क्लिपा लावून फिरायचे, आणि वर्गात गेल्यावर काढायचं विसरायचे. त्यामुळे निम्म्या पुण्याला बीजगणित फुगलेल्या पॅंटीतून शिकवलं गेलं.

तर मी निवृत्त झालो आणि त्याच सुमारास मेहुण्याची सायकल आमच्याकडे आली. २०२० च्या टाळेबंदीत त्याने ती मोठ्या हौसेने घेतली होती आणि अकरा दिवस चालवली होती. एकवीस गिअर, जाड टायर, पुढे स्प्रिंगा. आमच्या सोसायटीत सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यातले एक तरुण डॉक्टर मला म्हणाले, "काका, या रविवारी. फक्त थोडं गिअर घ्या." मला वाटलं एकवीस पुरेत. पण त्यांना सामान म्हणायचं होतं. त्यांनी यादी पाठवली: हेल्मेट, गादीची चड्डी, हातमोजे, चष्मा, बाटली, दिवे, पंप, चेनचं तेल, विंडचीटर. समोर किमती होत्या. मी बेरीज केली, मग वजाबाकी करून पाहिली, मग कागद उलटा धरून पाहिला. माझी पहिली स्कूटर याहून स्वस्तात आली होती, आणि तिला इंजिन होतं.

मी माळ्यावर चढलो.

आमचा माळा म्हणजे चिरंजीवांच्या बालपणाचं संग्रहालय आहे. दर मे महिन्याच्या सुट्टीत त्याला एका शिबिरात घातलं, आणि दर जूनमध्ये त्या शिबिराचं सामान पिशवीत बांधून वर गेलं. एका पिशवीत क्रिकेट, एकीत पोहणं, एकीत स्केटिंग. तो आता बेंगळुरूला असतो आणि बोटांव्यतिरिक्त काही हलवत नाही. पिशव्या मात्र तशाच. यादी हातात धरून मी एकेक गाठ सोडत गेलो. हेल्मेट? आहे. हातमोजे? तीन प्रकारचे. चष्मा? आहे. खाली उतरलो तेव्हा माझा निम्मा पगार वाचला होता. पगार बंद झालाय हे लक्षात यायला जरा वेळ लागला.

तुम्ही म्हणाल, स्कूटरचं हेल्मेट नव्हतं का घरात? होतं. नवंकोरं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. पण मी पुणेकर आहे. हेल्मेटसक्तीच्या विरोधात कट्ट्याकट्ट्यावर ज्यांनी घसे कोरडे केले त्यांच्यातला एक. जे स्कूटरवर घातलं नाही ते सायकलवर घालायचं, म्हणजे तत्त्वाला तिलांजली. क्रिकेटच्या हेल्मेटबद्दल आमच्या कट्ट्याने कुठलाच ठराव केलेला नव्हता.

हे हेल्मेट चेंडूसाठी केलेलं असतं. बाहेरून टणक, समोर जाळी, वर पुढे आलेली टोपीसारखी झडप. सायकलच्या हेल्मेटात असतो जाड थर्माकोल, जो पडल्यावर स्वतः चेचला जातो आणि डोक्याला बसणारा दणका खाऊन टाकतो. म्हणून एकदा जोरात आपटलं की ते टाकून द्यायचं. हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. एकदा वापरून टाकून द्यायची वस्तू आमच्या घरात फक्त उदबत्ती आहे, त्यामुळे मला ते पटायला वेळ लागला. पण पहिल्या सकाळी अडचण वेगळीच निघाली. फलंदाज उभा असतो. मी हँडलवर वाकलेला. वाकलो की ती झडप डोळ्यांवर येई आणि समोर दिसे ते फक्त माझं पुढचं चाक. रस्ता बघायला मान वर केली की हेल्मेटची मागची कड मानेत रुते. शिवाय ते विलक्षण घट्ट होतं. रात्री चिरंजीवांना फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, ते चौदा वर्षांखालचं आहे."

खडकवासल्यापर्यंत पुढच्या चाकाकडे बघत जाताना मला मोकळा वेळ खूप मिळाला, आणि एक शोध लागला. माणूस एकतर उभा असतो, नाहीतर बसलेला, नाहीतर आडवा. घरातल्या यच्चयावत वस्तू या तीन अवस्था धरून केलेल्या आहेत. सायकलवाला तिन्हींत बसत नाही. तो कपाटाखाली हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखा असतो, आणि त्याच अवस्थेत त्याला पन्नास किलोमीटर जायचं असतं. सदरा मागून वर जातो, पॅंट मागून खाली येते, आणि मधल्या प्रदेशावर डिसेंबरातला वारा येऊन बसतो.

पोहण्याचा चष्मा तर आडव्या माणसासाठी. तो पाणी आत येऊ देत नाही, म्हणजे वारा कुठून येऊ देणार? दहा पायडलं मारली की आत वाफ धरायची आणि नांदेड फाट्यावर महाबळेश्वरचं धुकं पडायचं. थांबायचं, चष्मा काढायचा, बनियनला पुसायचा, पुन्हा घालायचा. काच निळी असल्याने पहाटेचा अंधार आणखी गडद. घरी आलो तेव्हा डोळ्यांभोवती दोन लाल वर्तुळं उठली होती. हिने दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, लोक सायकलवरून येतात तसे या ना. ढोलीतून आल्यासारखे काय येता?"

हातमोज्यांची कथा जरा लांब आहे, कारण तिच्यात अर्थव्यवहार आहे. बॅटिंगचे ग्लोव्ह्ज घालून ब्रेक दाबता येत नाही, हे घराच्या पार्किंगमध्येच कळलं. बोटं दुधी भोपळ्यासारखी होतात. मग स्केटिंगच्या पिशवीतले मनगटाचे गार्ड काढले. यांच्यात हाताखाली प्लॅस्टिकची ताठ पट्टी असते, पडल्यावर मनगट मुडपू नये म्हणून. मला ते फार सुरक्षित वाटलं. सायकलचा ब्रेक धरताना मनगट थोडं तरी मुडपावं लागतं, हे मला खडकवासल्याच्या चौपाटीवर उतार लागल्यावर कळलं. समोर एक मावशी शेगडी पेटवून कणसांची टोपली मांडत होत्या. मी ओरडलो. त्या टोपली सोडून बाजूला झाल्या, हे त्यांचं प्रसंगावधान. मी टोपलीत गेलो. मला काही लागलं नाही. गार्डांनी काम चोख केलं. पण अकरा कणसं रस्त्यावर लोळली आणि मावशींनी ती मला एकेक मोजून विकत दिली. पिशवी हँडलला अडकवून घरी आलो तर ही म्हणाली, "व्यायामाला गेला होतात की मंडईला?" आठवडाभर आम्ही कणसाची उसळ खाल्ली.

शेवटी क्रिकेटच्या पिशवीच्या तळाशी विकेटकीपरचे आतले मोजे सापडले. मोठ्या ग्लोव्ह्जच्या आत घालतात ते, तळव्याला मऊ कातडं लावलेले. काय सांगू! हँडलवर हात ठेवला तर लोण्यावर ठेवल्यासारखा. माझ्या एकंदर प्रकल्पात यशस्वी झालेली ही पहिली वस्तू. पुढच्या रविवारी मी ते मोजे ग्रुपमध्ये सगळ्यांना दाखवले आणि त्या भरात एक छोटं भाषणही केलं, कारण आदल्या रात्री मी या विषयावर वाचन केलं होतं.

भाषणाचा मुद्दा असा की दुसरीकडचं सामान सायकलला लावणं हा गबाळेपणा नव्हे, तो इतिहास आहे. १९८९ ची टूर द फ्रान्स. शेवटचा दिवस, व्हर्सायहून पॅरिस, जेमतेम साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. अमेरिकेचा ग्रेग लेमंड ५० सेकंद मागे. त्याने ट्रायथलॉनवाले वापरतात तसे पुढे आलेले दांडे हँडलला लावले, कोपरं त्यांवर टेकवली आणि वाऱ्याखालून निघाला. पुढे असलेला फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ साध्या हँडलवर, डोक्यावर काही नाही, मागे शेंडी उडते आहे. तीन हजार किलोमीटरहून जास्त शर्यत, आणि लेमंड जिंकला ८ सेकंदांनी. "आता सांगा," मी म्हणालो, "दुसऱ्या खेळातलं सामान आणलं म्हणून कोण हसलं त्याला?"

"काका," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डाव्या हाताच्या मोज्यावर मुलाचं नाव लिहिलंय. बालवाडीसारखं."

चिरंजीवांचं नाव हिच्या अक्षरात होतं, लाल धाग्याने भरलेलं. भाषणाचा परिणाम थोडा उणावला. तरी घरी आल्यावर मी हिला स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची गोष्ट सांगितली. त्याने स्वतःच्या हाताने सायकल बांधली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातली बेअरिंग्ज बसवली, आणि जुलै १९९३ मध्ये नॉर्वेत तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. आठवडा व्हायच्या आत तो मोडला गेला, ते सोडा. ही शांतपणे ऐकत होती. गोष्ट संपल्यावर उठली, बाथरूममध्ये जाऊन वॉशिंग मशिनवर कपड्यांची बादली ठेवली, वर पाटा ठेवून आली आणि म्हणाली, "तिकडे बघायचंसुद्धा नाही."

बाकीच्या यादीचं थोडक्यात सांगतो. स्टीलची बाटली सायकलच्या पिंजऱ्यात सैल बसते, घंटेसारखी वाजते आणि गतिरोधकावर उडी मारते. राहिली तरी फिरकीचं झाकण उघडायला दोन हात लागतात, आणि सायकलवरच्या माणसाकडे सुटे दोन हात नसतात. स्कूटरचा रेनकोट समोरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो. फक्त शीड जहाजाला पुढे नेतं. चेनला मी घरातलं खोबरेल लावलं. चांगलं गुळगुळीत झालं, सायकल न वाजता पळाली, वास तर देवघरासारखा. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे केसांना आयुष्यभर लावूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. डिसेंबरात पुण्याची पहाट दहा अंशांवर जाते. खाली गेलो तर चेनवर पांढरा मुलामा, गिअर जागच्या जागी थिजलेले, आणि पार्किंगमधला कुत्रा मागचं चाक मनापासून चाटत बसलेला. त्या दिवशी मी एकाच गिअरवर गेलो आणि कुत्रा एक किलोमीटर बरोबर आला.

विंडचीटरच्या बाबतीत मात्र परंपरा माझ्या बाजूने होती. युरोपातले शर्यतवाले घाट चढून वर आले की उतरण्याआधी छातीशी वर्तमानपत्र खुपसत. घामाने ओल्या अंगाला थेट वारा लागत नाही. मी रविवारची पुरवणी घेतली. वाचून झालेली, अर्थातच. उपाय खरोखर उत्तम आहे. उतारावर मला अजिबात थंडी वाजली नाही. अडचण इतकीच की चढावर मला घाम येतो, आणि शाईला घाम चालत नाही. बनियन काढलं तर पोटावर छोट्या जाहिरातींचा एक संपूर्ण रकाना उलटा उमटला होता. हिने चष्मा लावून तो आरशात वाचला. "सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष," ती म्हणाली. "पोटाच्या मानाने स्थळ चांगलं आहे."

आता राहिलं आसन. हा विषय मी टाळत होतो, पण माझ्या शरीराने टाळू दिला नाही.

सायकलचं सीट टोकदार का असतं, हा प्रश्न दर नव्या सायकलवाल्याला तिसऱ्या किलोमीटरवर पडतो. मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची गादी काढली, तिला नाड्या असतातच, त्या सीटखाली बांधल्या. माणूस खुर्चीत मागे टेकतो. सायकलवर पुढे घसरतो. दर अर्ध्या किलोमीटरला मी आणि गादी एकमेकांपासून विभक्त होत होतो. शिवाय मऊ गादीने आणखीच दुखायला लागलं. डॉक्टरांचं म्हणणं असं की बसताना भार दोन हाडांवर हवा. गादी फार मऊ असली की हाडं तिच्यात बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. हे त्यांनी भर रस्त्यात हातवारे करून समजावलं, त्यामुळे ग्रुपमधल्या सर्वांना माझी रचना आता माहीत आहे.

तेव्हा मी पुन्हा माळ्यावर गेलो. क्रिकेटच्या पिशवीत मांडीचा पॅड होता. फलंदाज तो पॅंटच्या आत पुढच्या मांडीला बांधतात. मी म्हटलं, जे पुढे चालतं ते मागे का चालू नये? पट्टे आवळून तो मागच्या बाजूला बांधला, वर ट्रॅकपॅंट चढवली, उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि त्या रविवारी ग्रुपबरोबर सिंहगडाला निघालो.

डोणज्यापर्यंत मी राजा होतो. पायथ्याच्या नाक्यावर वनखात्याच्या माणसाने हेल्मेट पाहून विचारलं, "काका, वर मॅच आहे का?" मी हसून हात केला. मग घाट सुरू झाला. सिंहगडाचा घाट गाडीतून चढणाऱ्याला वाटतो त्याहून पुष्कळ उभा आहे, आणि सायकलवर चढताना माणूस सीटवर पुढेमागे सरकतो. मी सरकत होतो तसा पॅड खाली सरकत होता. दुसऱ्या वळणापर्यंत तो मांडीच्या मागे आला, चौथ्या वळणाला गुडघ्याच्या मागे जाऊन घट्ट बसला. आता डावा गुडघा वाकेना. न वाकणाऱ्या गुडघ्याने पायडल एकदाच मारता येतं. मी सावकाश, सन्मानाने, कठड्याच्या बाजूला आडवा झालो.

उठलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. ग्रुप पुढे गेलेला. पॅड वर ओढायचा तर ट्रॅकपॅंटमध्ये खांद्यापर्यंत हात घालणं भाग होतं. तो मी घातला, आणि पट्टा धरून कण्हत ओढत असतानाच वळणावरून प्रवासी जीप आली. आत महिलामंडळाची सहल होती. मी कठड्याला पाठ टेकवून, डोक्यात चौदा वर्षांखालचं हेल्मेट, हात तसा, असा उभा. जीप पहिल्या गिअरवर होती, म्हणजे त्यांना बघायला भरपूर वेळ मिळाला. एक आजी खिडकीतून म्हणाल्या, "अगंबाई, मुंग्या लागल्या वाटतं."

गडावर ग्रुपने पिठलं-भाकरी मागवली होती आणि मडक्यातलं दही. मी उभ्याने खाल्लं.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन गादीची चड्डी विकत घेतली. किंमत सांगत नाही. आई नसली तरी भिंतीवर तिचा फोटो आहे. दुकानदाराने त्या गादीला एक फ्रेंच नाव सांगितलं, तेव्हा कळलं की पूर्वी ती शॅमॉय नावाच्या डोंगरी बकरीवजा प्राण्याच्या कातड्याची करत, म्हणून ते नाव. कीपरच्या मोज्यांच्या तळव्यालाही तेच नाव लागतं. म्हणजे योग्य ते कातडं माझ्याकडे पहिल्यापासून होतं, फक्त मी ते चुकीच्या टोकाला घातलं होतं. ही चड्डी आत काही न घालता वापरायची असते. तेही मला पन्नास किलोमीटर उशिरा कळलं.

पण घातली बरोबर, आणि खडकवासल्याला जाऊन आलो तर काही म्हणजे काहीच दुखलं नाही. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं. एवढी महागाची वस्तू आठवड्यातून दोन तासच वापरायची? उरलेले दिवस ती कपाटात नुसती पडून राहणार, आणि घरात असून वापरली नाही तर ती आईच्या तत्त्वात कशी बसावी?

पंधरा दिवसांनी माझी साठीशांत होती. पाटावर मांडी घालून चार तास. गुरुजी आले, संकल्प झाला, पुण्याहवाचन झालं, होम पेटला. मी सोवळ्याच्या आत ताठ बसून होतो, चेहऱ्यावर कमालीची शांती. ही तिसऱ्यांदा मांडी बदलत माझ्याकडे संशयाने बघत होती. खुद्द गुरुजींची चुळबुळ सुरू झाली होती. एका मंत्राच्या मध्येच त्यांनी बैठक बदलली आणि मंत्र थोडा तिरका गेला. आरतीनंतर सगळे ताटांकडे वळले तेव्हा ते माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यजमान, मी तीस वर्षं साठीशांती लावतोय. इतकं न हलता बसलेला माणूस पाहिला नाही. काय करता?"

मी इकडेतिकडे पाहून त्यांना कानात सांगितलं. गुरुजी विचारात पडले. "सोवळ्यात चालेल?"

"कातडं नाही हो आता," मी म्हटलं. "फोमची येते."

त्यांनी क्षणभर होमकुंडाकडे पाहिलं. मग मी पुढे केलेलं पाकीट त्यांनी हलकेच मागे सारलं.

"मग दक्षिणेचं राहू द्या," ते म्हणाले. "एक्सएल."